एका पासवर्डात दोन लग्नं

जालन्यात मस्तगडाला माझा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर ‘मिथुन फोटो अँड व्हिडिओ’ आणि खाली बारीक अक्षरात ‘स्वतःचा क्लाउड सर्व्हर’ असं लिहिलंय. ती खालची ओळ मी हौसेनं रंगवून घेतली. ती वाचून आजवर एकच गृहस्थ आत आले. सर्व्हर म्हणजे पाण्याचा फिल्टर अशी त्यांची समजूत होती.

बारावी सायन्सला मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितात गेलो, मग कॅमेरा धरला. पण कॉम्प्युटरचं वेड सुटलं नाही. एक जुना कॉम्प्युटर आणून त्यात मोठ्या हार्ड डिस्क टाकल्या आणि गिऱ्हाइकांच्या लग्नांचे फोटो त्यावर ठेवू लागलो. पेन ड्राइव्हसाठी कुणी चकरा मारायला नको, घरी बसून मोबाइलवर बघा. फोटो एका ठिकाणी, व्हिडिओ दुसऱ्या, अल्बमसाठी फोटो निवडायचं पान तिसऱ्या. तिन्हीकडं वेगळे पासवर्ड. चकरा थांबल्या आणि फोन सुरू झाले. “भाऊ, पासवर्ड लागून न्हाई राह्यला.” हे फोन घ्यायची माझी बायको बेबीनंदा. अल्बम डिझाइनही तीच करते. एक दिवस तिनं वाजत असलेला फोन माझ्या हातात ठेवला.

“आता तुम्हीच सांगा. माझ्या तोंडाला फेस आला.”

यावर मी जो उपाय काढला त्याला सिंगल साइन-ऑन म्हणतात. सगळ्या दारांसाठी मिळून एक वॉचमन बसवायचा. त्यानं एकदा ओळख पटवून घेतली की बाकीच्या दारांनी पुन्हा पासवर्ड विचारायचा नाही. लग्नतिथी नसलेले सगळे दिवस मी त्यात घातले. कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडलेलं होतं, त्यामुळं वॉचमन पास द्यायचा आणि दार म्हणायचं, हा पास अजून चालू झालेला नाही. हे कळेपर्यंत मी अख्खा सर्व्हर पुसून नव्यानं भरला होता. शेवटी एका पासवर्डात तिन्ही दारं उघडली तेव्हा मी खुर्चीवरून उठून बेबीनंदाला हाक मारली.

“असं जालन्यात कुणाकडंच न्हाई!”

“जालन्यात कुणाला पाहिजे बी न्हाई,” ती म्हणाली आणि अल्बमकडं वळली.

मी जुन्या पासवर्डांची सोय बंद करून टाकली. सुरक्षितता म्हणून. सगळ्या गिऱ्हाइकांना नवा पासवर्ड पाठवला आणि छाती फुगवून बसलो.

त्याच आठवड्यात तीर्थपुरीच्या द्वारकाबाई दुकानात आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न मी स्वतः शूट केलेलं. खुर्ची पुढं केली तर बसल्या नाहीत. मोबाइल माझ्यासमोर धरला.

“मिथुनभाऊ, ह्यो कोण?”

फोटोत एक दणकट माणूस बँडसमोर नाचत होता. डोक्याला रुमाल, शर्ट घामानं चिंब, एक पाय हवेत.

“ओळखत न्हाई, ताई. तुमच्या लग्नातला न्हाई वाटत.”

“न्हाईच. माझ्या पोरीच्या लग्नात ह्याला डेंगू झाल्ता. ह्यो माझा भाऊ हाय, काकासाहेब.”

फोटोवरची तारीख बघून हे लग्न कुठलं, ते आता माझ्या ध्यानात आलं. अंकुशनगरचं. दोन्ही लग्नं एकाच तिथीला होती. मी तीर्थपुरीला गेल्तो आणि माझा मेव्हणा भारत अंकुशनगरला. पण अंकुशनगरचे फोटो तीर्थपुरीच्या मोबाइलवर कसे? मी त्यांचा मोबाइल घेऊन बोट सरकवलं. अंकुशनगर, परतूर, बदनापूर. या हंगामातलं प्रत्येक लग्न ओळीनं दिसत होतं. वॉचमन बराबर ओळख पटवत होता. पण ओळख पटलेल्या प्रत्येकाला मी एकाच गटात टाकलं होतं आणि त्या गटाला सगळी लग्नं बघायची मुभा दिली होती. ती मीच दिलेली, माझ्याच हातानं.

घाईघाईनं सर्व्हर उघडायला गेलो तर समोर पाटी आली, आपणास परवानगी नाही. जुनी सोय बंद केल्यामुळं मीही वॉचमनच्याच दारानं आत आलो होतो आणि त्यानं मलाही साधं गिऱ्हाईक धरलं होतं. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या सर्व्हरवर. मी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहिलो. बेबीनंदा उठली आणि तिनं भिंतीतला सर्व्हरचा प्लग ओढला.

द्वारकाबाईंना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी दुकानातूनच भावाला फोन लावला, स्पीकरवर.

“काकासाहेब, तब्येत कशी हाय?”

“बरी हाय, ताई. पण अशक्तपणा लई. जरा चाललं की दम लागतो.”

“आन् नाचल्यावर?”

मी काउंटरवरची धूळ पुसायला लागलो.

“कोण बोललं तुला?”

“कोण बोलायला कशाला पाहिजे? तू समोर दिसून राह्यलास. माझ्या पोराच्या, कल्याणच्या हातानं पपईच्या पानाचा रस धाडला मी तुला. ते लेकरू म्हणलं, मामानं सगळा पिला.”

“पिलो की. समोर बसून राह्यला ना तो, ग्लास रिकामा होईस्तोर. दोन दिवस तोंड कडू होतं.”

मला हसू आलं. बेबीनंदानं डोळे वटारले. द्वारकाबाई हसत नव्हत्या.

“का आला न्हाईस, काका? पोरीच्या मागं धाकट्याला उभं करावं लागलं. पोरगी सारखी दाराकडं बघत व्हती.”

“पत्रिकेत माझं नाव धाकट्याच्या खाली छापलं. मी थोरला मामा. मला वाटलं, आता माझी गरज न्हाई तुम्हाला.”

“आरं, छापणाऱ्यानं घोळ केला. मला कळलं तवर पत्रिका वाटून झाल्त्या. भांडायचं होतंस माझ्याशी! भांडायला तर यायचं होतंस.”

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. बेबीनंदानं पाणी दिलं. फोन चालूच होता.

त्या गेल्यावर मला वाटायला लागलं, बहीण-भावाची गाठ आपल्यामुळं पडली. तसं मी बोलूनही दाखवलं.

“अंकुशनगरला फोन लावा,” बेबीनंदा म्हणाली.

लावला. नवरदेवाचे वडील साहेबराव शांतपणे ऐकून घेत होते आणि त्या शांतपणानं मला जास्त भीती वाटत होती.

“आमच्या घरच्या बायांचे फोटो किती लोकांनी बघितले?”

मी माफी मागितली. त्यांनी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घरी पोचवायला आणि माझ्याकडचे पुसायला सांगितलं. मी गाडी काढून गेलो. त्यांनी चहा विचारला नाही आणि तेच बरोबर होतं. इतर घरांनाही फोन करून माफी मागितली. काही जण चिडले. एका बाईंनी फक्त परतूरच्या नवरीची साडी कुठून घेतली ते विचारलं.

सर्व्हर बनवणाऱ्यांनी माझ्यासारख्यांसाठीच एक मागचं दार ठेवलेलं असतं. ते शोधून मी आत शिरलो. प्रत्येक लग्नाचा वेगळा गट केला. मग बेबीनंदा एकेका घरच्या नावानं आत जाऊन दुसऱ्या कुणाचं लग्न दिसतं का ते तपासत बसली. तिनं बिलकुल बरोबर आहे असं म्हटल्याशिवाय मी कुणाला कळवलं नाही.

पुढं द्वारकाबाईंची मुलगी माहेरी आली तेव्हा मला तीर्थपुरीला बोलावणं आलं. मामा भाचीमागं उभा असलेला फोटो पाहिजे होता, फुकट. अंगणात काकासाहेब फेटा बांधून तयार होते. मी कॅमेरा लावत असताना ते हळूच जवळ आले.

“भाऊ, ते नाचायचे फोटो तेवढे पुसून टाका.”

“माझ्याकडचे पुसले, मामा.”

“मंग झालं,” म्हणत ते भाचीच्या मागं जाऊन उभे राहिले.

द्वारकाबाईंनी तो नाचतानाचा फोटो घरच्या ग्रुपवर केव्हाच टाकला होता. ते मी बोललो नाही. म्हटलं, “मामा, हनुवटी जरा वर घ्या.”