रुख्माच्या आवाजाला लावलेली गिटार

दवनीवाड्याच्या डोमनलाल रहांगडालेने चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली. लाइनमन होता तो. वादळ झालं की अर्धं गाव अंधारात बसून त्याच्या नावाने शंख करायचं, आणि दिवे लागले की त्याला विसरून जायचं. त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही. कसलीही तार असो, ती आपलं ऐकते, असा त्याचा दावा होता. तेव्हा पोरीच्या गिटारीला सहा नव्या तारा लावणं हे काय काम आहे, असं त्याला वाटलं तर त्यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

पण खरी गोष्ट तारांची नव्हती, बायकोची होती. रुख्मा जाऊन दोन वर्षं झाली होती. गावात पोवारांच्या घरी लग्न निघालं की हळदीच्या गाण्यांसाठी रुख्माला आधी निरोप जायचा, आचाऱ्याला नंतर. आवाज जाडा, खालचा. मांडवात चार बायका किंचाळत असल्या तरी तिचाच ऐकू यायचा. तिच्या माहेरचं, बालाघाटकडचं, एक हळदीचं गाणं होतं. इकडच्या बायका त्यात नुसत्या मागून सूर ओढायच्या. अख्खं गाणं दोघींनाच यायचं, रुख्माला आणि तिच्या पोरीला. पोरगी योगेश्वरी गोंदियाला कॉलेजात असताना गिटार शिकली आणि आईच्या गाण्यामागे वाजवायला लागली. हळदीत गिटार म्हणून बायकांनी आधी नाकं मुरडली. पुढच्या लग्नात त्याच बायका तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवायला लागल्या.

आता रुख्मा नव्हती आणि योगेश्वरी रायपूरला नर्स होती. डोमनलालजवळ उरलं होतं ते फोनमधलं एक रेकॉर्डिंग. त्यात आधी पोरगी एकेक तार छेडते, मग रुख्मा खाकरते, गाण्याच्या दोन ओळी म्हणते, आणि तेवढ्यात कोणीतरी चहा आणतो म्हणून फोन बंद होतो. त्या चहावाल्याला डोमनलालने मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील याची गणती नाही. रोज सकाळी दात घासताना तो त्या दोन ओळी ऐकायचा आणि तिसरीसाठी त्याचा जीव तुटायचा. तीस वर्षं ते गाणं त्याच्या घरात होतं. गड्याने कधी नीट कान देऊन ऐकलं नाही, आणि आता तिसरी ओळ काही केल्या आठवत नव्हती.

पोरीला फोनवर म्हण म्हटलं तर ती विषय बदलायची. आई गेल्यापासून तिने गिटारीला हात लावला नव्हता. कारण विचारलं की म्हणायची, तारा गंजल्या आहेत, आता काय वाजवायचं. मग माघात तिच्या चुलतबहिणीचं, रिंकीचं, लग्न ठरलं, योगेश्वरी हळदीच्या आदल्या दिवशी येते म्हणाली, आणि डोमनलालने ठरवलं की गंजलेल्या तारांचं निमित्त आपण ठेवायचंच नाही. तारा तयार असल्या तर पोरगी वाजवेल, वाजवलं तर गाईल, आणि गायली तर रुख्माचं ते गाणं एकदा शेवटपर्यंत कानावर पडेल. एवढंच त्याला हवं होतं.

गोंदियात वाद्यांचं दुकान होतं गुलाबचंदचं. त्याने हिंदीत विचारलं, कोणत्या तारा, जाड की हलक्या, वाजवायचं काय? डोमनलालला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, बायकांची गाणी. गुलाबचंदने हसून हलक्या तारांचं पाकीट दिलं. गावाकडच्या गाण्याला ह्याच बऱ्या, बोटांनाही सोप्या, म्हणाला.

घरी येऊन डोमनलालने ओसरीत चादर अंथरली आणि गिटार तिच्यावर आडवी घातली. फोनवरचा एक व्हिडिओ अर्धा बघितला. अर्धाच, कारण पुढचं आपल्याला येतं अशी त्याची खात्री होती. जुन्या तारा सैल करून काढल्या, खालच्या भोकांतले पांढरे खिळे पकडीने हळूच उपटले, नव्या तारेचं मणी असलेलं टोक भोकात सोडून खिळा दाबून बसवला. इथवर सगळं झकास. मग लाइनमन जागा झाला. तारेला झोल म्हणजे लाइनमनला पाप. दोन खांबांमध्ये तार जरा लोंबताना दिसली तरी त्याचे हात शिवशिवायचे. त्याने एकेक तार वरच्या खुंटीपर्यंत कडक ताणली आणि खुंटीला लागून, तसूभरही जास्त न ठेवता, पकडीने कापली. सहाच्या सहा. मग खुंट्या पिळायला घेतल्या. तार खुंटीला वेढा घेणार कुठून? वेढ्यापुरती त्याने ठेवलीच नव्हती. जाड तारा सुळकन निसटल्या, आणि सर्वांत बारीक होती ती उडून त्याच्या हनुवटीला लागली. तो रक्त पुसत बसला. चौतीस वर्षांत असा पोपट कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हनुवटीला पट्टी लावून तो परत गोंदियाच्या बसमध्ये. गुलाबचंदने ते तुकडे बघितले आणि कपाळाला हात लावला.

"चाचाजी, थोड़ी ढील छोड़नी पड़ती है," तो म्हणाला. "दो-तीन लपेट आने दो, बाद में काटो."

डोमनलालला ते पटायला जड गेलं. पण त्याने तारांचं दुसरं पाकीट घेतलं आणि ह्या वेळी मनावर दगड ठेवून प्रत्येक तारेला चार बोटं झोल ठेवला, वेढे एकाखाली एक बसवले, आणि उरलेलं टोक सगळ्यात शेवटी कापलं. तारा लागल्या. आता सूर. फोनमध्ये सूर दाखवणारा एक काटा होता, तो त्याने दोन मिनिटं बघितला आणि बंद केला. त्याच्याजवळ त्यापेक्षा पक्कं माप होतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पोरगी एकेक तार छेडते ना, तेच ऐकायचं, थांबवायचं, खुंटी पिळायची, परत ऐकायचं. नव्या तारा चिवट. सकाळी लावल्या की दुपारपर्यंत उतरायच्या. सहा दिवस तो रोज तेच करत राहिला. गाईला चारा घालायला उशीर झाला, वहिनी टोमणे मारून गेली, पण सातव्या दिवशी तारा जागच्या हलल्या नाहीत. त्याने सहाही तारांवरून अंगठा फिरवला. ओसरीत आता फक्त रुख्माचं खाकरणं तेवढं बाकी होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

योगेश्वरी दुपारच्या गाडीने आली. हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग तिला भिंतीशी उभी केलेली गिटार दिसली. बापाच्या हनुवटीकडे तिने एकदा बघितलं. गिटार मांडीवर घेऊन तारांवरून बोटं फिरवली आणि तिथंच थांबली.

"कोणं लावलं हे?"

"मी लावलो," डोमनलाल म्हणाला. "फोनमधलं आयकून."

"ह्या तारा खाली हायेत, बाबूजी. मायसाठी मी अशा उतरवत होतो. तिचा आवाज खालचा होता ना."

डोमनलालला हे आत्ता कळत होतं. त्याला वाटलं होतं गिटार अशीच असते. तो म्हणाला की असू दे, चांगलंच आहे, तू म्हण. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तिने सुरुवात केली. पहिल्या ओळीच्या मध्यावर तिचा आवाज खाली गेला आणि तळाशी नुसती हवा उरली. तिने परत म्हटलं, परत तेच झालं. मग तिने हात तारांवर ठेवून त्या बंद केल्या.

"माहा आवाज इतक्या खाली नाही जात," ती म्हणाली. "म्हणायचं असंल तर तार चढवा लागन. नाही तर राहू द्या. तुम्ही लावली तशीच ठेवून देतो."

डोमनलाल उठून अंगणात गेला. शेजारी रिंकीच्या मांडवाला बांबू ठोकत होते. सहा दिवस खपून त्याने जे घरात आणलं होतं, ते पोरीच्या हाताच्या चार पिळांत जाणार होतं, आणि नंतर फोन ऐकून तारा परत उतरवल्या तरी त्या सुरात गायला रुख्मा काही येणार नव्हती. नाही म्हणायचं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. तसंच राहू दिलं असतं तर रोज अंगठा फिरवून रुख्मा इथंच आहे असं म्हणता आलं असतं. पण तिसरी ओळ कोण म्हणणार होतं? तो परत आत आला आणि पोरीच्या समोर खाली बसला.

"चढव," तो म्हणाला.

योगेश्वरीने खुंटी धरली. एकेक तार वर जात राहिली, आणि एकेक तारेबरोबर ती ओसरी त्याला अनोळखी होत गेली. सहावी तार लागली तेव्हा त्यात रुख्माचं काही राहिलं नव्हतं. मग पोरगी गायली. आवाज बारीक होता, उंच होता, तरणा होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरी आली. तिसऱ्या ओळीत नवरी आईला विचारत होती की माझ्यामागे तुझी वेणी कोण घालेल. तीस वर्षं रुख्मा ही ओळ त्याच्या डोक्यावरून म्हणत होती आणि तो पेपर वाचत होता.

गाणं संपलं. योगेश्वरी डोळे पुसत होती. डोमनलालने पुसले नाहीत.

"अजून एकडाव म्हण," तो म्हणाला. "मी आयकून राहिलो."