न जुळणारी तापमानं

आम्ही होटगीला राहायचो. वडील रेल्वेत गँगमन होते. मी रोज गाडीनं सोलापूरला कॉलेजला यायची. बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी एकदा नापास झाले होते. दुसऱ्यांदा परीक्षेला निघाले तेव्हा वडील म्हणाले, "औंदा न्हाय जमलं तर वेळापूरच्या पावण्यास्नी होकार कळवतो. मी तरी किती थांबवू त्यास्नी?" ते रागानं बोलले नव्हते, म्हणूनच जास्त भीती वाटली.

प्रयोग सोपा होता. आम्लात अल्कली ओतायची, ढवळायचं आणि तापमान किती चढलं ते लिहायचं. असं तीनदा. पहिल्यांदा पारा साडेसहा अंश चढला, दुसऱ्यांदा पाचच. वाटलं, ढवळायला उशीर झाला. तिसऱ्यांदा भरभर ढवळलं, तर मघापासून गेलेली वीज नेमकी तेव्हाच आली, डोक्यावरचा पंखा गरगरू लागला आणि पारा उतरायला लागला. मान जरा वर केली की एक आकडा दिसायचा, खाली केली की दुसरा. खिडकीतून झळा येत होत्या. बाटलीतलं आम्लसुद्धा कोमट झालं होतं.

शेजारची मुलगी कुजबुजली, "तिन्ही सारखेच लिही की. कोण बघतंय?"

पण सारखे म्हणजे कोणते? खरा आकडा कोणता, तेच मला कळत नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक माझ्या टेबलापाशी थांबले. "हे असं कसं?"

मला रडू फुटलं. "सर, पंखा मध्येच सुरू झाला. ढवळणं दर वेळी सारखं होत नाही. पारा दोन रेघांच्या मध्ये थांबतो, मी कधी वरची रेघ धरते, कधी खालची. मला नाही जमत, सर."

माझ्याच पेल्यात त्यांनी स्वतः प्रयोग करून पाहिला. पारा आणखी निराळ्याच ठिकाणी थांबला. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं.

"सरासरी काढ," ते म्हणाले, "आणि आत्ता जे बोललीस ते खाली लिही."

मी लिहिलं. पुढे जेमतेम पास झाले, वेळापूरला नकारही गेला. पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी उन्हात सात रस्ता चौकापर्यंत चालत गेले आणि तिथंच एका दुकानाच्या सावलीत उभी राहिले. गाडीची वेळ टळून गेली तरी स्टेशनकडे पाय वळेना.