कोडं झालं का?

आमच्या घरात सकाळचा दुसरा चहा शब्दकोड्यावर अवलंबून होता. साडेआठला सासरे, म्हणजे आबा, इंग्रजी पेपरची चौघडी घालून हॉलमधल्या खुर्चीत बसायचे आणि निळ्या पेनानं कोडं भरायला घ्यायचे. पेन्सिल कधीच नाही. पेन्सिल धरली की माणूस आधीच चुकायची तयारी करतो, असं त्यांचं मत. सव्वानऊच्या सुमारास सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कोडं झालं का?" आबा "झालं" म्हणाले की मगच चहाचं आधण. लग्न होऊन मी उस्मानपुऱ्यात आले तेव्हापासून बारा वर्षं हे असंच चालू होतं.

कोडं साधं नव्हतं. क्रिप्टिक म्हणतात त्याला. क्लूमधलं वाक्य बोलतं एक आणि मागतं भलतंच. आबा फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले, घराण्यातले पहिले इंग्रजीचे मास्तर. ते कोडं त्यांच्याशिवाय घरात कुणाला कळत नव्हतं आणि म्हणूनच सगळ्यांना त्याचा अभिमान होता. मी मराठी शाळेत गणित शिकवते. माझं इंग्रजी कामापुरतं. त्यामुळे त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत मी कधी डोकावलेच नव्हते.

दिवाळीच्या आवराआवरीत फडताळात जुने पेपर अंथरताना पहिल्यांदा डोकावले. एका ओळीत सहा व्यंजनं एकापुढे एक बसली होती, मध्ये एकही स्वर नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण इतकंही नाही. कोड्याखाली बारीक अक्षरात उत्तरं छापलेली होती. ताडून पाहिली तर एकही शब्द जुळेना. मी तशीच पेपर घेऊन नवऱ्याकडे गेले.

तो हसायलाच लागला. "अगं, खाली छापतात ती कालच्या कोड्याची उत्तरं. आजची उद्या येतात."

जन्मभर पोरांच्या वह्या तपासणारी मी, भलत्याच उत्तरांवरून तपासत बसले होते. रात्री जेवताना त्यानं ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सासूबाई हसल्या, मुलगी हसली. आबाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर तारखा जुळवून तपासलं. अठ्ठावीस शब्दांपैकी सात बरोबर होते. बाकीच्या घरांत नुसतीच अक्षरं होती, सुंदर, ठसठशीत, एका मापाची. नवऱ्याला सांगितलं तर तो वैतागला. "पुन्हा तेच? पेपरवालेसुद्धा घोळ घालतात कधीकधी. तुला त्यातलं काय कळतं?"

राग त्याचा आलाच, पण जास्त आला तो याचा की त्यातलं मला खरंच काही कळत नव्हतं.

नुसत्या कोड्यापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण रोज पाचला आबा माझ्या सात वर्षांच्या मुलीला स्कूटरवर मागं बसवून क्रांती चौकापलीकडं चित्रकलेच्या क्लासला न्यायचे. नवरा ऑफिसात, मी दुपारच्या शाळेत. एक दिवस क्लासच्या बाईंचा मला फोन आला की मुलगी अजून आली नाही. मी वर्ग दुसऱ्या बाईंवर टाकून घरी पळाले. आबांचा फोन घरातच टीव्हीवर पडला होता. सात वाजता दोघं आले. मुलगी खुशीत होती. "आई, आम्ही शहागंजला गेलो होतो! आबा म्हणत होते, क्लास इथंच होता, कुठं गेला?"

आबा दारात चपला काढत होते. चपला काढायला इतका वेळ लागत नाही. त्यांनी मान वर केली नाही.

मी डॉक्टरांचं नाव काढल्याबरोबर सासूबाई उसळल्या. "काय बी काढू नको. रोज कोडं सोडवत्यात ते. असलं डोकं गावात कुणाचं हाय का?" नवऱ्यानं ट्रॅफिकवर ढकललं. मी रिक्षा लावू म्हटलं, तर आबा दोन दिवस माझ्यासमोर जेवायला बसले नाहीत. शेवटी तडजोड अशी झाली की सव्वापाचला नवरा क्लासला फोन करेल. मी मुलीच्या फ्रॉकच्या खिशात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी शिवून टाकली. तरी पाच वाजले की माझा हात फळ्यावर थांबायचा. पोरं म्हणायची, बाई, हातचा राहिला.

प्रत्येक वेळी आडवं यायचं ते कोडं. ते सुटतंय तोवर आबांना काहीच झालेलं नाही, अशी सगळ्यांची खात्री. मग कोडंच शिकायचं, असं मी ठरवलं. त्यानंतर मला कुणी विचारणार नाही, तुला त्यातलं काय कळतं.

आबांनाच म्हटलं, "मला शिकवा." ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बस."

त्यांनी आधी मराठीतून शिकवलं. "कामकाजात दडलेलं पीक. दोन अक्षरं. सांग."

मी ज्वारीपासून तुरीपर्यंत सगळं शेत फिरून आले. त्यांनी कागदावर 'कामकाजात' लिहून मधल्या दोन अक्षरांना गोल केला. मका. मी कपाळावर हात मारला.

"आता हे. उलटी वाहणारी नदी गरीब असते. दोन अक्षरं."

नदी उलटी लिहिली. दीन. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

"वाक्याच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो," आबा म्हणाले. "बाकीचं सगळं अक्षरं जुळवायची कृती. वाक्य काय सांगतंय ते ऐकायचंच नाय. ते लई गोड बोलून फसवतं. त्याची शिवण कुठंय, तेवढी बघायची."

इतकं नीट शिकवणारा माणूस मला शाळेत भेटला असता तर, असं मनात आलं. त्याबरोबर भीतीही वाटली, की आपलंच चुकतंय. या माणसाच्या डोक्याला काय झालंय? सगळं तर जागेवर आहे. पण शिकवताना ते जुनी कोडी घ्यायचे, पेटीत जपून ठेवलेली, पूर्वी कधीतरी सोडवलेली. आजच्या कोड्यावर त्यांचा तळहात असायचा.

मी चौकातून रोज दुसरा पेपर घ्यायला लागले. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी कोडं उघडायचे. पहिले आठ दिवस भोपळा. मग एक शब्द, मग तीन. अक्षरांची उलथापालथ करायची असली की क्लूमध्ये 'मोडलेलं', 'बिघडलेलं', 'नाचणारं' असा काहीतरी शब्द येतो, हे कळलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये टेबलावर मूठ आपटली. बाकीच्या बाया बघायला लागल्या. एकीनं विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी व्हय म्हटलं.

संध्याकाळी माझं कोडं आणि आबांचं कोडं शेजारी ठेवून बघायचे. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. दडलेले शब्द, उलटे शब्द त्यांना अजून येत होते. सुरुवातीचे पाच-सहा शब्द बरोबर असायचे. मग कुठंतरी धागा तुटायचा आणि सव्वानऊ जवळ आले की उरलेली घरं कशानंही भरली जायची. सासूबाईंच्या हाकेला "झालं" म्हणता यावं म्हणून.

हे कळल्यावर मला जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आता हे सगळ्यांसमोर मांडायचं, आणि कुणासमोर, तर ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याच. रोज सकाळी ठरवायचे, रोज संध्याकाळी टाळायचे. आणि रोज पाचला स्कूटर निघायची.

एका शनिवारी मला सकाळची शाळा होती, म्हणून मी दुपारी घरी होते. साडेचारला आबा तयार होऊन बसले. किल्ली खिळ्यावर होती. मुलगी आत रंगांची पेटी शोधत होती. मी त्यांच्यासमोर त्या दिवसाचं माझं कोडं ठेवलं. पहिल्यांदाच जवळजवळ पूर्ण झालं होतं. खालच्या कोपऱ्यातला एकच शब्द राहिला होता.

"तपासा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. एकेका क्लूवर बोट ठेवून वाचायला लागले. काही ठिकाणी मान हलवली, काही ठिकाणी नुसतेच पुढं गेले. मी घड्याळ बघत होते. पावणेपाच झाले. त्यांनी पेन काढलं आणि रिकाम्या घरांवर धरलं. मला वाटलं, आता हेही भरतील, काहीही. भरलं तर मला तोंड उघडावं लागणार होतं. मी देवाला विनवत होते, की आबांना हा एक शब्द येऊ दे. इतके दिवस त्यांची चूक पकडायला शिकले आणि ऐन वेळी मला ते बरोबर निघायला हवे होते.

पेन कागदाला टेकलं. एक निळा ठिपका उमटला. आबांनी टोपण लावलं.

"नाय येत," ते म्हणाले.

मुलगी पेटी घेऊन दारात उभी राहिली. "आबा, चला."

आबा उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "तूच ने. मला चौकाच्या पुढचा रस्ता कंदी दिसतो, कंदी नाय."

"आबा, मग सांगायचं ना आम्हाला."

"तोंडानं म्हणवत नव्हतं, पोरी. रोज त्या घरांत लिहून ठेवत होतो. कोण तरी वाचंल वाटायचं." त्यांनी माझं कोडं पुन्हा हातात घेतलं. "लई दिवस लावलेस शिकायला."

मी स्कूटर बाहेर काढली. क्रांती चौकापर्यंत मला समोरचं धड दिसत नव्हतं. मुलगी मागून ओरडत होती, आई, हॉर्न वाजव.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळे घरात होतो. आबांनी पेपरची चौघडी घातली. सव्वानऊला आतून हाक आली, "कोडं झालं का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. अर्ध्याहून जास्त घरं रिकामी होती.

"नाय झालं," ते म्हणाले.

नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर केली. आत भांड्याचा आवाज थांबला. सासूबाई दारापर्यंत आल्या, आबांच्या मांडीवरचा पेपर त्यांनी लांबूनच पाहिला. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही, पण रिकामी घरं कुणालाही दिसतात. त्या पदराला हात पुसत तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.