काचेवर आणखी काच

कॅमेरा हातात आला की ताई आधी एकच गोष्ट करायच्या. दोन बोटांनी लेन्सच्या तोंडावरचा फिल्टर फिरवून काढायचा आणि जॅकेटच्या खिशात टाकायचा. मी बघतोय हे त्यांना ठाऊक असायचं. माझ्याकडे न बघताच म्हणायच्या, "भाऊ, आधीच काच आहे. तिच्यावर आणखी काच कशाला?"

हा फिल्टर म्हणजे काही रंगीत, जादूची वस्तू नाही. लेन्सच्या पुढच्या आट्यांवर बसवायची साधी पारदर्शक काच. धूळ, पाणी, बोटांचे ठसे तिच्यावर पडावेत, महागाच्या लेन्सवर पडू नयेत, एवढ्यासाठी ती असते. मोबाईलच्या स्क्रीनवर तुम्ही काच लावता, तसंच. मला यात वाद घालण्यासारखं काही दिसत नव्हतं. ताईंना दिसत होतं.

नाशिकला द्वारका चौकाजवळ माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नकार्यांचे फोटो काढतो. ताई नऊ वर्षं माझ्याकडे कामाला होत्या. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. त्याआधी त्यांनी नाशिकरोडला एका दुकानात वर्षानुवर्षं पासपोर्टचे फोटो काढले होते. नवरीच्या खोलीत, बायकांच्या घोळक्यात त्या अशा शिरायच्या की त्या घरातल्याच वाटाव्यात. माझ्यासमोर बायका पोट आत घेऊन उभ्या राहायच्या, ताईंसमोर घेत नसत. त्यामुळे त्यांचे फोटो माझ्यापेक्षा चांगले यायचे. हे मी इथे लिहितोय. त्यांना कधी बोललो नाही.

नवी लेन्स आणली तेव्हा त्यावर मी चांगल्यातला फिल्टर बसवला. तिसऱ्या दिवशी तो ताईंच्या डब्याच्या पिशवीत सापडला, पोळीच्या तेलाने माखलेला. दुसरा आणला, तो एका कार्यालयात हरवला. तिसरा मी इतका घट्ट आवळला की माझा मलाच निघेना. संध्याकाळी बघतो तर लेन्स उघडी. ताईंनी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर त्याच्या कडेला गुंडाळून तो फिरवून काढला होता. वर मला ते रबर दाखवलं. "ठेवा जवळ. उपयोगी पडतं."

सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

मग चांदवडची हळद आली. नवरदेवाच्या मित्रांनी तेलात कालवलेली हळद उधळली आणि त्यातला एक गोळा थेट लेन्सवर बसला. उघड्या काचेवर. कापड बॅगेत, बॅग गाडीत. ताईंनी काचेवर फुंकर मारली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि पुढचा फोटो घेतला. नवरदेवाचा काका म्हणाला, "लय पक्क्या हायेत तुमच्या बाई." घरी येऊन उजेडात लेन्स तिरकी धरली, तर काचेवर केसाएवढा ओरखडा.

दुसऱ्या दिवशी मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. म्हणाल्या, "चूक झाली. पण फोटोत दिसला तर सांगा."

मी आठवडाभर शोधला. प्रत्येक फोटो मोठा करकरून पाहिला. ओरखडा कुठेच दिसेना, आणि त्याने माझा संताप आणखी वाढला. दिसला असता तर निदान माझं म्हणणं खरं ठरलं असतं. शेवटी मी सांगून टाकलं, "यापुढे फिल्टर काढायचा नाही. काढायचा असेल तर कॅमेरा घेऊ नका."

"बरं," ताई म्हणाल्या. "लेन्स तुमची."

त्यांनी ते शब्दशः पाळलं.

दोन महिन्यांनी देवळाली कॅम्पला एक लग्न होतं. नवरीची आजी अंथरुणाला खिळलेली. हॉलवर येणं शक्य नव्हतं, म्हणून निघण्याआधी घरीच, आतल्या अंधाऱ्या खोलीत, तिला उठवून बसवायचं आणि तिने नातीला ओवाळायचं असं ठरलं. मी अंगणात पाहुण्यांचे फोटो काढत होतो. आत ताई होत्या.

जरा वेळाने त्या बाहेर आल्या आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन माझ्यापुढे धरला. आजीने तबक वर धरलेलं, नजर नातीवर, आणि आजीच्या डाव्या डोळ्यावर निरांजनाच्या ज्योतीचा उलटा, हिरवा ठिपका. उजेड दोन काचांमध्ये आपटला की असं होतं. चार फोटो, चारही तसेच.

"जागा बदलायची ना."

"बदलली. जाईना. तोवर आजींचा हात दमला."

"मग फिल्टर काढायचा."

"तुम्ही नाही म्हणाला होतात."

तीन आठवड्यांनी आजी गेली. दिवसकार्य उरकल्यावर नवरी स्टुडिओत आली. तिला तोच फोटो मोठा करून हवा होता. मी आधीच कॉम्प्युटरवर बसून ठिपका घालवला होता. त्याखाली डोळा उरलाच नव्हता, म्हणून आजीच्या दुसऱ्या एका फोटोतला आणून बसवला होता. ताईंना ते मुळीच पटलं नव्हतं. पण काम सफाईदार झालं होतं, कुणाला कळलं नसतं.

नवरी बराच वेळ बघत राहिली. "आजी माझ्याकडे बघत होती," ती म्हणाली. "इथे नाही बघत."

कोपऱ्यातून ताई म्हणाल्या, "भाऊ, मूळचा दाखवा त्यांना."

मी दाखवला. ठिपका आहे, असंही सांगितलं.

"असू दे. दुसरा डोळा दिसतोय ना," ती म्हणाली. "हाच द्या."

ती गेल्यावर मी ताईंच्या टोमण्याची वाट पाहत बसलो. टोमणा आलाच नाही. त्या अल्बमची पानं लावत म्हणाल्या, "त्या दिवशी मी फिल्टर काढायला पाहिजे होता. आत बघायला कोण होतं? रागापोटी काढला नाही. म्हटलं, भोगू दे ह्यांना."

तेव्हा मी म्हणायचं होतं की हुकूम माझा होता. मी म्हणालो, "जाऊ द्या." जसं काही मीच त्यांना माफ करत होतो.

आता मी हळदीला फिल्टर लावतो आणि ओवाळणीला काढतो. एवढं सोपं होतं. दोन शहाण्या माणसांना ते नऊ वर्षांत जमलं नाही.

पुढच्या वर्षी ताईंचे गुडघे गेले. लेक नगरला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. सोडायला मी द्वारकेला गेलो. ट्रकांच्या हॉर्नमध्ये काही ऐकू येत नव्हतं, आणि मला बोलायचं होतं. तेव्हा राहून गेलेलं वाक्य सकाळपासून मनात जुळवत होतो. बस आली. मी त्यांची बॅग वर चढवली. त्या दांडा धरून एकेक पायरी चढल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी बोलण्याची त्या वाट बघतायत असं मला वाटलं.

"खिडकीपाशी बसा," मी म्हणालो. "वारा लागेल."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. त्यांना मिळालेली खिडकी पलीकडच्या बाजूची होती, मला दिसत नव्हती.