एक्केचाळीस सह्या

चावी फिरवून झाली की तो तिच्या मुठीला कान लावायचा. कमरेएवढी लोखंडी चावी, खाली खड्ड्यात व्हॉल्व्ह आणि वर डोळे मिटून वाकलेला हा. कोणी काही विचारलं तर एक बोट वर. "थांबा, ऐकू द्या." पाइपात पाणी कुठवर गेलं ते त्याला म्हणे आवाजावरून कळायचं. मला ते शुद्ध नाटक वाटायचं.

तुमच्याही गावात नळ सोडणारा असेल आणि त्याच्याबद्दल तुमचंही मत असेल. लातूरच्या कडेच्या आमच्या कॉलनीत आठ-दहा दिवसांनी नळ यायचा, त्यामुळे आमची मतं फार पक्की होती. दोन गल्ल्या, दोन व्हॉल्व्ह. पुढच्या गल्लीत आम्ही नोकरदार, मागच्या चढावरच्या गल्लीत बहुतेक पत्र्याची घरं. त्या गल्लीच्या शेवटच्या घरात त्याची मेहुणी राहायची. एवढं कळल्यावर आणखी पुरावा कशाला हवा होता?

तक्रार केली तर तो भांडायचा नाही. "टोकाला जाऊन बघा," एवढंच. शेजारच्या काकूंनी एकदा चिडून विचारलं, "आम्ही काय रिकाम्या आहोत का रे?"

"न्हाई. म्हणूनच तर घरात बसून बोललालाव," तो म्हणाला. काकू आठ दिवस तेच घोळवत होत्या.

मी शाळेत गणित शिकवते. चार वेळा नळ आला, चारही वेळा मी घड्याळ घेऊन बसले. आम्हाला पंचेचाळीस मिनिटं, मागच्या गल्लीला सत्तर. या माणसाला आमच्याकडून काढा, असा अर्ज मीच लिहिला. 'पक्षपाती' हा शब्द माझा. पहिली सही माझी, मग दारोदार फिरून गोळा केलेल्या चाळीस.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तो चावी खांद्यावर टाकून फाटकात उभा राहिला.

"मॅडम, अर्ज तुमी लिवलाव म्हणं."

"हो. मीच."

"पक्षपाती मंजी काय वो?"

"मेहुणीच्या गल्लीला जास्त पाणी सोडणारा."

चिडला नाही. "सत्तर मिनटं बरोबर लिवलाव. घड्याळ चांगलं हाय तुमचं. आता त्येच घड्याळ घिऊन टोकाला जावा."

गेले. समजून घ्यायला नव्हे, रंगेहाथ पकडायला.

मेहुणीच्या अंगणात घागरी, बादल्या, तेलाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. चार वाजता खाली व्हॉल्व्ह सुटला. नळातून फुस्स आवाज आला. हवा. चार दहा, हवाच. साडेचारला करंगळीएवढी धार लागली.

मी कोण, कशाला आले, हे न विचारता ती बाई बोलायला लागली. "दाजी म्हणं दाजी! कशाचा दाजी? धा मिनटं वाढीव मागितली तर म्हणतो, पुढच्या गल्लीत कोण बाई घड्याळ घिऊन बसलीया. एकदा दावा मला ती सटवी."

"मीच ती."

तिनं मला वरून खाली न्याहाळलं. "मंग बसा की. उभं ऱ्हाऊन काय धार वाढत न्हाई."

बसले. सत्तर वजा तीस, चाळीस. तीही करंगळीएवढी. आमच्याकडे चावी फिरली की दोन मिनिटांत नळ धो-धो. पंचेचाळीस वजा दोन. वजाबाकी पाचवीतली होती. मी ती केली नव्हती, कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायला पाण्याच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, त्याला टाकीवर गाळ काढायला पाठवला. तुमच्याच अर्जावर. आता एक सही मागे घेतली तरी चाळीस उरतात." त्यांचं गणित बरोबर होतं.

मग पुन्हा चाळीस घरं फिरले, या वेळी 'त्याला परत पाठवा' असा उलटा कागद घेऊन. काकू म्हणाल्या, "काय मॅडम, तुमच्याच नळाला जास्त सोडतो म्हणाला का?" कोपऱ्यावरच्या घरात मी चपला घालायच्या आत आतून आवाज आला, "मास्तरीणबाईंचं काय शिजतंय त्याच्याशी?" मी परत आत गेले आणि म्हणाले, "शिजू द्या. तुम्ही सही करा. नाही करायची तर माझ्याबरोबर मागच्या गल्लीत चला." सह्या नऊ मिळाल्या. मागच्या गल्लीत एकही जण आला नाही.

सगळी माणसं मुळात चांगली असतात, असं काही मी यातून शिकले नाही. नसतात. पण आता कोणाच्या सुनेवर, कोणाच्या भाडेकरूवर बोलणं सुरू झालं की मी विचारते, "तुम्ही तिथं होतात?" त्यामुळे हळदीकुंकवाला मला हल्ली उशिराची वेळ सांगतात. सगळं बोलून झाल्यानंतरची. माझी हरकत नाही.

नऊ सह्यांनी तो परत आला नाही. तेव्हा कागद घेऊन मीच माळावरच्या टाकीवर गेले. तो टाकीजवळच होता, अंगभर चिखल, डोक्याला रुमाल.

"तुम्ही प्रामाणिक आहात, असं लिहून आणलंय," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"मी स्वतः बघितलं."

"एक दिस बघितलाव." त्यानं हात पँटला पुसले, पण कागद घेतला नाही. "तवा चोर म्हणलाव, आता प्रामाणिक. उद्या आनखी कायतरी म्हणचाल. मला न्हाई लागत तुमचं सर्टिफिकेट. शाळंत वाटा."

मी काही बोलणार तोच तो म्हणाला, "सरका."

"काय?"

"झाकणावर उभ्या हाव तुमी. खाली उतरायचंय मला."

मी सरकले. त्यानं झाकण ओढून बाजूला केलं आणि टाकीत उतरला. आधी पाय गेले, मग खांदे, मग डोक्याचा रुमाल.