चिंचेपाशी हळू

पन्नाशी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले, तेही मुलीच्या हट्टापायी. तिने नागपुरातून परस्पर आमच्या हिंगणघाटच्या एका ड्रायव्हिंग क्लासात माझं नाव टाकून दिलं आणि फोनवर म्हणाली, "आई, रस्त्यात बाबांना काही झालं, तर तू काय गाडी ढकलत आणशील?" उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुकाट्याने क्लासला गेले.

शिकवणारा एसटीत सारी नोकरी काढलेला म्हातारा ड्रायव्हर होता. पहिल्या दिवशी त्याने मला चावीला हात लावू दिला नाही. सीट पुढे घ्या, आरसे लावा, पट्टा बांधा, मागे कोण आहे ते आरशात बघून सांगा. मी जात्याच तापट. म्हटलं, "अवो, गाडी चालू तं करू द्या!"

"मॅडम, तुमच्या वर्गात पोट्टं पाटी-दप्तर न घेता आलं तं चालते का?"

मी तिसरीच्या वर्गाची शिक्षिका. असल्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते. मी आरसा नीट केला.

घरी नवऱ्याची हसून हसून पुरेवाट झाली. त्यांचं कापडाचं दुकान आहे. वडनेरच्या शेतात, पाय जेमतेम पोचत होते त्या वयात, ते ट्रॅक्टरवर शिकले. लायसन एजंटाने घरी आणून दिलं. परीक्षा कशी असते ते त्यांनी पाहिलेलंही नाही. हायवेवरून शेतात जायचं तर दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं, म्हणून सगळे उलट्या बाजूनेच घुसतात. हेही त्यातलेच. "गाडी हातात असते, शिकवणीत नाई," असं म्हणून ते माझ्या आरशांची, पट्ट्याची नक्कल करून दाखवायचे. नक्कल इतकी हुबेहूब, की रागावता रागावता मलाच हसू यायचं.

मग एक दिवस गिरडच्या रस्त्यावर माझी एक खोड पकडली गेली. मी गाडी चालवत होते आणि मोठ्याने बोलत होते, "डावीकडून सायकल. समोर शेळ्या. बैलगाडी वळून राह्यली." मला त्याचं भानही नव्हतं.

म्हाताऱ्याने थोडा वेळ ऐकून घेतलं. "मॅडम, हे बेस हाये. शिकणाऱ्याले मी असंच बोलाले लावतो. पण तुमाले तं मी अजून सांगितलंच नाई. कोणं शिकवलं?"

"कोणीच नाई. सवय हाये. आमच्या ह्यायच्या बाजूले बसली का मी सांगत असतो."

थोडं पुढे गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "त्यायले हे कायले सांगा लागते?"

गाडी डगमगली असावी, कारण त्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली याच रस्त्यावरच्या शाळेत झाली. बसचा नेम नाही, म्हणून नवराच मला रोज नेऊन सोडायचा आणि परत आणायचा. आधी आम्ही वाटेत गप्पा मारायचो. मग गप्पांमध्ये "सायकल हं", "बकरी हं" कधी शिरलं, आणि गप्पा संपून तेवढंच कधी उरलं, ते मला सांगता येणार नाही. मात्र मला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना बरीच वर्षं साखरेचा त्रास. सकाळचा पेपर त्यांनी सोडला, "त्यात काई राह्यलं नाई" म्हणून. दिवेलागणीनंतर गाडी काढणं सोडलं, "समोरचे डिपर देत नाईत" म्हणून. मी मान डोलावली. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते चिडायचे आणि मी विषय बदलायचे. माया होती, भीती होती, आणि खरं सांगायचं तर भांडणाचा कंटाळाही होता. मी त्यांचे डोळे होऊन बसले होते आणि माझ्या बाजूला ब्रेकसुद्धा नव्हता.

सुट्टी संपता संपता मी रीतसर परीक्षा दिली आणि लायसन मिळवलं. त्याच आठवड्यात मुलगी तान्ह्या नातवाला घेऊन आली. रविवारी सगळ्यांनी केळझरला गणपतीच्या दर्शनाला जायचं ठरलं. गाडी अर्थातच हे चालवणार. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः गाडी धुतली, पुसली. वाकून चाकं घासताना शीळ वाजवत होते. मला रडूच आलं. आजोबाला कसं सांगायचं, की नातू मांडीवर असताना तुमच्या हातात चावी नको?

दुपारी मी म्हटलं, "अवो, चला ना. शाळेपर्यंत मले प्रॅक्टिस द्या." ते खूश झाले. डावीकडे बसले, पट्टा न बांधता. मी मनाशी ठरवलं होतं, आज एक शब्द बोलायचा नाही. यांना काय दिसतं ते कळू दे.

आणि बोलायला लागले तेच. "आता पुलाचा गचका येते. आला? आता चढ हाये, तिसरा टाक. शाबास. डाव्या बाजूनं खड्डा हाये, सांभाळ." सगळं बरोबर. माझा जीव भांड्यात पडू लागला. वाटलं, आपणच वेड्या, म्हाताऱ्याने उगाच डोक्यात किडा सोडला.

"आता चिंचेपाशी हळू कर. पलीकडचं दिसत नाई तिथं."

ते रोज तिथे गाडी हळू करायचे. किती सावध माणूस, असं मला वाटायचं.

मी आरशात मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेऊन थांबवली. "अवो, चिंच कुठं हाये?"

"हे काय." त्यांनी बोट दाखवलं. बोटाच्या समोर नांगरून ठेवलेलं काळं वावर होतं आणि वर रिकामं आभाळ.

"तोडली ते," मी म्हटलं. "रस्ता रुंद केला तवाच. वर्ष होऊन गेलं."

त्यांनी तिकडे बघितलं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं.

"तू कवा सांगितलं नाई."

त्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. खरंच नव्हतं सांगितलं. मी रोज चालत्या-हलत्या गोष्टी सांगत आले होते. एक झाड आता तिथे नाही, हे कोण कोणाला सांगतं? पूल, चढ, खड्डा, चिंच, सगळा रस्ता त्यांना पाठ होता. पाठ होता म्हणून ते चालवत होते.

"उद्या मी लेकराले घेऊन जाणार होतो," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला.

मग त्यांनी पट्टा ओढला. टोक जागेवर लागेना, चाचपडू लागले. मी लावून दिला.

"केळझरले तूच ने," ते म्हणाले. "सोमवारी डॉक्टरकडंबी." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आता सांग मले. समोर काय हाये?"

मी गाडी सुरू केली आणि सांगत गेले. सायकल, शेळ्या, बैलगाडी. आणि मग डावीकडची बाभूळ, नवा विजेचा खांब, पांढरा मैलाचा दगड, शाळेचं फाटक.