उंदराला दिलेलं ईथर

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्या सरांना एकच ध्यास. ईथर हुंगवून बेशुद्ध केलेलं जनावर जागं झालं, की त्याचं वागणं पहिल्यासारखं राहतं का? सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी भुलभुलैयात पांढरे उंदीर गुळाच्या खड्यापर्यंतची वाट शिकायचे. मग एकेकाला बरणीत ईथरच्या बोळ्यासोबत ठेवायचं आणि उठल्यावर पुन्हा सोडायचं. गावी गेलो की मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगे, आणि तेच मला भोवलं.

आईच्या पोटात गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, ईथर देऊन आता काढली तर बाई निभावतील, टाळली तर नाही. समुद्रपूरकडच्या आमच्या गावाहून आई आली ती नन्नाचा पाढा लावूनच. मरणाला ती भीत नव्हती, विसरायला भीत होती. पंचक्रोशीतल्या घरांची कुळं, मामेकुळं, देवकं तिला तोंडपाठ. दोन्हीकडचं देवक एक निघालं तर सोयरीक होत नसे, म्हणून पोरगी दाखवण्याआधी लोक बैलबंडी जुंपून तिच्याकडे येत.

"मी समदं भुलून गेली तं मले कोन इचारन? तूच तं सांगतं, उंदीर भुलतेत म्हून."

मला रागच आला. माझंच शास्त्र माझ्या अंगावर! "चाल, तूच पाह्य," म्हणालो आणि तिला प्रयोगशाळेत घेऊन गेलो.

वाट पाठ असलेल्या एका उंदराला ईथर दिलं. त्यानं डोळे उघडले न उघडले तोच मी त्याला भुलभुलैयात सोडला. पठ्ठ्या पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळला, मागे फिरला आणि गुळाकडे पाठ करून कोपऱ्यात बसला. सर आतून आले नि हसले. म्हणाले, "अहो, अंमल उतरू द्या की. उद्या सोडा."

"मंग उद्या पाहू," आई म्हणाली. उंदराइतकाच तिलाही माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उंदीर सरळ गुळावर जाऊन थांबला. आईनं पदर खोचला. "सांग डाक्टरले."

गाठ निघाली. ऑपरेशननंतर संध्याकाळी आईनं डोळे उघडले तेव्हा नर्सनं माझ्याकडे बोट करून विचारलं, "मावशी, हे कोण?" आईनं डोळे बारीक करून मला न्याहाळलं.

"कोनी मास्तर असन," ती जड जिभेनं म्हणाली. मग मलाच सांगू लागली, "माहा पोरगा बी मास्तर हाये. लय गुनाचा. तसा पोरगा सात जन्मात भेटत नाई."

माझे डोळे भरून आले. भीतीनं की सुखानं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

सकाळी ती पूर्ण शुद्धीवर आली. नर्सला तिचं मामेकूळ विचारून झालं होतं, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या भाच्यासाठी स्थळही सुचवून झालं होतं. मग नजर माझ्याकडे वळली. "दाढी काऊन नाई केली? लोक काय म्हनतीन?"

शिव्या खायला इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. आदल्या संध्याकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं आणि मीही तो विषय काढला नाही. जन्मभरात आईनं माझ्या तोंडावर माझं कौतुक केलं ते तेवढंच, आणि तेही मला परका समजून.